जर-तरच्या वाटेने गंगटोक : एका इतिहास-फेरीचे परीक्षण

सिक्कीमला जाणारे मराठी पर्यटक छांगू तलाव, नथुला आणि एम. जी. मार्गावरची खरेदी आटोपून परततात. १९७५ पर्यंत याच डोंगरांत स्वतःचा राजा आणि स्वतःचा झेंडा असलेले एक राज्य होते, हे आठ दिवसांच्या सहलीत त्यांना क्वचितच कोणी सांगते. आम्हा दोघांनाही ते कळले नसते. ज्या घरगुती निवासात आम्ही उतरलो होतो, त्याच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्री जेवताना त्यांच्या भाच्याच्या पायी फेरीबद्दल सांगितले आणि दुसऱ्या दिवशीचा ठरलेला कार्यक्रम रद्द करून आम्ही तिच्यात नाव घातले. या फेरीला नाव नाही, पाटी नाही, छापील पत्रकही नाही. आपले नाव कुठे येऊ नये अशी त्या तरुणाची इच्छा असल्यामुळे मीही त्याला येथे नुसते ‘वाटाड्या’ म्हणणार आहे. माणशी १,८०० रुपयांत सहा तासांची फेरी आणि दुपारचे जेवण मिळते, टॅक्सीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, आणि एका वेळी आठांपेक्षा जास्त लोकांना तो घेत नाही.

फेरीचा विषय एकच आहे : सिक्कीम भारतात विलीन झाले नसते तर काय झाले असते? पण वाटाड्या कल्पनेतल्या देशाची सफर घडवत नाही. इतिहासाची वाट जिथे जिथे फुटू शकली असती, अशा तीन वळणांवर तो थांबतो, त्या दिवशीची खरी परिस्थिती सांगतो आणि प्रत्येकाच्या हातात एकेक बंद पाकीट देतो. पाकिटात एक भूमिका असते. कोणी राजा, म्हणजे सिक्कीमचा चोग्याल होतो, कोणी दिल्लीहून आलेला अधिकारी, कोणी तिबेटी वंशाचा भुतिया जमीनदार, कोणी दक्षिण सिक्कीममधला नेपाळी भाषक कूळ. त्या भूमिकेतून, आणि त्या माणसाला त्या दिवशी जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरच, निर्णय सांगायचा असतो. ‘पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत नाही’ हे वाक्य तो दिवसभरात निदान दहा वेळा म्हणाला आणि माझ्या मते या फेरीचा सगळा कस त्या वाक्यात आहे. जर-तर करताना आपण नेहमी शेवट माहीत असलेल्या माणसाच्या जागी उभे राहतो. इथे ती सोय मिळत नाही.

पहिला थांबा रिजवर, म्हणजे डोंगराच्या धारेवरच्या रस्त्यावर, व्हाइट हॉलच्या समोर होता. १८८९ मध्ये सिक्कीमला आलेले पहिले ब्रिटिश पोलिटिकल ऑफिसर क्लॉड व्हाइट यांच्या स्मरणार्थ ही वास्तू १९३२ मध्ये उभी राहिली. १६४२ मध्ये युकसोमला फुन्त्सोग नामग्याल यांचा राज्याभिषेक झाला तेव्हापासूनची वंशावळ वाटाड्याने पाच मिनिटांत उरकली, आणि ते बरेच झाले, कारण त्याला पोहोचायचे होते ते १९४७ पर्यंत. त्या वर्षीच्या डिसेंबरात सिक्कीम स्टेट काँग्रेस स्थापन झाली आणि तिने तीन मागण्या केल्या : जमीनदारी रद्द करा, लोकांचे हंगामी सरकार आणा आणि सिक्कीम भारतात सामील करा. म्हणजे सामिलीकरणाचा शब्द दिल्लीतून येण्याच्या आधी गंगटोकमध्ये उच्चारला गेला होता, आणि तो जमीनदारीच्या प्रश्नाला जोडून उच्चारला गेला होता.

ही जोडणी समजावी म्हणून वाटाड्याने पिशवीतून डांबर लावलेल्या गोणपाटाचा एक हातभर तुकडा काढून आमच्याकडे फिरवला. अशा काळ्या गोणपाटात बांधलेली ओझी तिबेटच्या वाटेने वाहून न्यायची सक्ती रयतेवर होती आणि तिला ‘कालोभारी’ म्हणत. ‘झारलंगी’ आणि ‘कुरुवा’ हे वेठबिगारीचे आणखी दोन प्रकार. तुकडा अर्थातच नवा होता, त्याने तो स्वतःच तयार केला होता आणि तसे त्याने मोकळेपणाने सांगितले. हाताला डांबराचा चिकट वास लागला तो दुपारपर्यंत गेला नाही. वाटाड्याचे वडिलांकडचे पणजोबा असली ओझी वाहणारे, आणि आईकडचे आजोबा राजवाड्याच्या दफ्तरात कारकून होते. ‘माझ्या घरात सिक्कीमचे दोन इतिहास एकाच चुलीवर शिजतात,’ असे तो म्हणाला. राज्य गेल्याची हळहळ आणि राजा गेल्याची सुटका या दोन्ही गोष्टी त्याच्या बोलण्यात दिवसभर शेजारी शेजारी होत्या, आणि त्याने एकीसाठी दुसरी झाकली नाही.

या थांब्यावरचा जर-तर असा : संस्थानांच्या विलीनीकरणाच्या त्या काळात सिक्कीमलाही इतर संस्थानांच्या रांगेत बसवले असते तर? सिक्कीम नरेंद्र मंडळाचे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या संस्थानिकांच्या मंडळाचे, सदस्य होते, त्यामुळे प्रश्न वावगा नाही. सरदार पटेलांचा कल सामिलीकरणाकडे होता, पण पंडित नेहरूंनी सिक्कीमसाठी वेगळी वाट निवडली. १९४९ मध्ये ताशी छेरिंग यांचे मंत्रिमंडळ २९ दिवसांत बरखास्त झाले आणि ५ डिसेंबर १९५० च्या कराराने सिक्कीम भारताचे संरक्षित राज्य झाले. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण दिल्लीकडे, बाकी कारभार गंगटोककडे. मी सावंतवाडीची आहे. आमचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेले, राजवाडा तिथेच राहिला, दरबार हॉलमध्ये गंजिफा रंगवण्याचे काम आजही चालते आणि संस्थान गेल्याचे वैर कोणाच्या मनात उरलेले मला दिसले नाही. माझ्या पाकिटात नेमकी दिल्लीच्या अधिकाऱ्याची भूमिका आली होती. मी सामिलीकरणाच्या बाजूने बोलले आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आले, की मी सिक्कीमबद्दल नव्हे, सावंतवाडीबद्दल बोलते आहे. वाटाड्याने तेवढ्यावर बोट ठेवले : सावंतवाडीच्या पलीकडे तिबेट नव्हता.

तिथून रोपवेने आम्ही ताशीलिंगहून देवरालीला उतरलो आणि नामग्याल तिबेट-विद्या संस्थेत गेलो. या संस्थेची कोनशिला १९५७ मध्ये दलाई लामांनी बसवली आणि १ ऑक्टोबर १९५८ रोजी नेहरूंनी तिचे उद्‌घाटन केले. तेव्हा युवराज असलेले पाल्देन थोंडुप नामग्याल हेच तिच्यामागचे मुख्य माणूस होते. आतली हस्तलिखिते आणि थांगका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रे, पाहायला वाटाड्या अर्धा तास देतो. तो मला फार कमी वाटला, कारण एकेका थांगकासमोर पाय निघत नाहीत.

दुसरे वळण त्याने बाहेरच्या आवारात झाडाखाली उलगडले. त्याच्या हातात एका पोस्टकार्डाची छायाप्रत होती. हौशी रेडिओचालक एकमेकांशी संपर्क झाल्याची खूण म्हणून पाठवतात तसे ते कार्ड होते, आणि त्यावर ‘एसी३पीटी’ हा संकेत होता. हा संकेत चोग्याल पाल्देन थोंडुप यांचा. त्यातले ‘एसी३’ म्हणजे सिक्कीम, आणि शेवटची दोन अक्षरे त्यांच्या नावाची. जगभरच्या रेडिओचालकांच्या यादीत सिक्कीम हा स्वतंत्र प्रदेश होता, आणि १९७५ नंतर तो रद्द झालेल्या प्रदेशांच्या यादीत गेला. नकाशे आणि करार यांच्यापेक्षा त्या एवढ्याशा कार्डाने माझ्यापुढे तो राजा उभा केला. डोंगरातल्या राजवाड्यात रात्री कानाला यंत्र लावून ‘मी सिक्कीममधून बोलतो आहे’ असे सांगणारा माणूस, ज्याला जगाने आपल्या राज्याची वेगळी ओळख मान्य करावी अशी आस होती.

ती आस १९७१ मध्ये फार वाढली, कारण त्या वर्षी शेजारचा भूतान संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. १९५० च्या करारात बदल व्हावा ही चोग्यालांची मागणी त्याआधीपासूनच होती. १९७२ मध्ये दिल्लीने ‘कायम सहयोगा’चा प्रस्ताव ठेवला. संरक्षित राज्यापेक्षा त्यात थोडा अधिक मान होता, पण भूतानसारखा दर्जा नव्हता. चोग्यालांनी तो स्वीकारला नाही. आमच्या गटात चोग्यालांचे पाकीट सिलिगुडीच्या एका विद्यार्थिनीकडे होते आणि तिनेही तो नाकारला. ‘आज एवढे देत आहेत तर उद्या आणखी देतील’, हे तिचे कारण. वाटाड्याने तिला चूक म्हटले नाही. त्याने फक्त त्या वेळचा नकाशा उघडला : एकीकडे तिबेटमधले चुंबीचे खोरे, खाली सिलिगुडीची चिंचोळी पट्टी आणि १९६७ मध्येच नथुला व चो ला येथे झालेल्या भारत-चीन चकमकी. दिल्ली यापुढे अधिक देईल की कमी, हे मग आम्हालाच कळून आले. माझ्या दृष्टीने खरे वळण हेच होते. प्रस्ताव स्वीकारला असता तर पुढे काय झाले असते हे कोणीच सांगू शकत नाही, पण वाटाघाटीच्या मेजावर राजाच्या हाती काही पत्ते उरलेला तो शेवटचा हंगाम होता.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगते. गुंद्रुकचे, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचे, सूप, सिस्नू म्हणजे खाजकुयलीसारख्या झोंबणाऱ्या पाल्याची पातळ भाजी, भात आणि छुर्पीची, म्हणजे इथल्या चीजची, चटणी. सगळे गरम, घरचे आणि पोटभर. शाकाहारी लोकांची आबाळ होत नाही.

दुपारी पुन्हा टॅक्सीने वर, राजवाड्याच्या फाटकापाशी. इतिहासाचा क्रम राखण्यासाठी डोंगर उतरून पुन्हा चढण्याची ही तंगडतोड मला पटली नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी टॅक्सीचा खर्च आधीच धरावा. फाटकासमोर मात्र वाटाड्याचा आवाज बदलला. १९७३ च्या जानेवारीतल्या निवडणुकीवर गैरप्रकाराचे आरोप झाले. भुतिया आणि इथले मूळचे लेपचा यांना मिळून निम्म्या आणि बहुसंख्य नेपाळी भाषकांना निम्म्या जागा देणाऱ्या पद्धतीविरुद्धचा राग एप्रिलमध्ये रस्त्यावर आला. चोग्यालांचा पन्नासावा वाढदिवस त्याच दिवसांतला. ८ मे रोजी चोग्याल, भारत सरकार आणि राजकीय पक्ष यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. १९७४ च्या एप्रिलमध्ये काझी ल्हेंडुप दोर्जी यांच्या सिक्कीम काँग्रेसने ३२ पैकी ३१ जागा जिंकल्या. हा जनादेश खरा होता, आणि विलीनीकरणाला नुसते लष्करी कारवाई म्हणणारे लोक तो वगळून बोलतात, हे वाटाड्याने स्पष्ट सांगितले. त्यानंतर त्याने ९ एप्रिल १९७५ सांगितला. भारतीय सैन्याने राजवाडा घेरला, राजाच्या रक्षकदलाला, म्हणजे सिक्कीम गार्ड्सना, निःशस्त्र केले, आणि फाटकावर पहाऱ्याला असलेला बसंत कुमार छेत्री हा तरुण रक्षक गोळीने मेला. या फाटकावर, असे म्हणून तो थांबला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मरणारा रक्षक नेपाळी भाषक होता आणि तो भुतिया राजाच्या दारात मेला, ही गोष्ट आमच्या गटातल्या कोणालाही ठाऊक नव्हती.

दुसऱ्या दिवशी विधानसभेने ठराव केला आणि १४ एप्रिलला सार्वमत झाले. बाजूने ५९,६३७ आणि विरोधात १,४९६ मते पडली. इथे पाकिटे नसतात. वाटाड्या प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या देतो. पहिल्या चिठ्ठीवर त्या सार्वमताचा आशय एकाच प्रश्नात असतो : चोग्यालपद रद्द व्हावे आणि सिक्कीम भारताचे घटकराज्य व्हावे, हे तुम्हाला मान्य आहे का? दुसऱ्या चिठ्ठीवर त्याच प्रश्नाचे दोन तुकडे असतात. चोग्यालपद रद्द व्हावे का? आणि सिक्कीमने घटकराज्य व्हावे, तेव्हा होते तसे भारताचे सहयोगी राज्यच राहावे, की आणखी वेगळे काही? प्रत्येकाने दक्षिण सिक्कीममधले कूळ म्हणून मत द्यायचे. आमच्या आठ जणांच्या पहिल्या चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा आठही ‘हो’ निघाले. दुसऱ्या चिठ्ठीत चोग्यालपद रद्द करण्याला सात जण होते, पण पुढच्या प्रश्नावर चार घटकराज्याच्या बाजूने गेले, तीन सहयोगी राज्याच्या आणि एक वेगळ्या मार्गाच्या. आठ पर्यटकांच्या मतांवरून इतिहासाचा निवाडा होत नाही, आणि घटकराज्याची बाजू १९७५ मध्येही जिंकली असती असेच मला वाटते. पण ज्याला राजा नको होता त्याला भारतात जाण्यालाही त्याच शिक्क्याने होकार द्यावा लागला, हे वाचून कळणे वेगळे आणि आपल्या हाताने तो शिक्का मारणे वेगळे.

मला त्या क्षणी गोवा आठवला. माझ्या आईचे माहेर पेडण्याचे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांपुढे दोन स्पष्ट निशाण्या होत्या : महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. तिच्या माहेरी सगळे फुलाचे, आणि फूल हरले. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा तो निकाल. हरल्याचे दुःख तिच्या वडिलांना शेवटपर्यंत होते, पण प्रश्न नीट विचारला गेला नाही असे ते कधी म्हणाले नाहीत. त्या कौलाआधी बाजू मांडायला लोकांना पुरेसा अवधी मिळाला होता. सिक्कीममध्ये ठराव आणि मतदान यांच्यात चार दिवस होते, आणि तेही ज्या डोंगराळ मुलखात एका गावातून दुसऱ्या गावी निरोप पोहोचायलाच दिवस जातो तिथे. मी हे सांगितले तेव्हा वाटाड्याने गोव्याच्या निशाण्या वहीत उतरवून घेतल्या. उलट त्याच्याकडून मला मिळालेली गोष्ट आपल्याच घरची होती : सिक्कीमला घटकराज्य करणारे घटनादुरुस्ती विधेयक संसदेत मांडले गेले तेव्हा परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि विधेयकाच्या उद्देशपत्रिकेखाली त्यांचे नाव आहे. यशवंतरावांवर आपल्याकडे इतके लिहिले-बोलले जाते, पण हा धागा माझ्या वाचनात कधी आला नव्हता. लोकसभेने २३ एप्रिलला ते मंजूर केले आणि १६ मे रोजी सिक्कीम देशाचे बाविसावे राज्य झाले. त्यानंतर ४० दिवसांनी देशात आणीबाणी लागू झाली.

या फेरीला मी मनापासून चांगले म्हणते, ते ती कोणालाही सोपे उत्तर देऊन घरी पाठवत नाही म्हणून. राज्य स्वतंत्र राहिले असते तर सुखी झाले असते, असे म्हणणाऱ्याला वाटाड्या भूतानकडे बघायला सांगतो. तिथून नेपाळी भाषक ल्होत्सांपांना देश सोडावा लागला आणि लाखाच्या वर माणसे पूर्व नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षे राहिली. ज्या राज्यात नेपाळी भाषक बहुसंख्य होते, तिथे असाच हट्ट धरला गेला असता तर? उलट, विलीनीकरणाने सगळे प्रश्न सुटले म्हणणाऱ्याला तो १९७९ ची निवडणूक सांगतो. तीत काझींचा पक्ष एकही जागा जिंकू शकला नाही, आणि विलीनीकरणाला विरोध केलेले नरबहादूर भंडारी मुख्यमंत्री झाले. पंतप्रधान असताना मोरारजी देसाईंनीही १९७८ मध्ये हे विलीनीकरण योग्य नव्हते, पण आता ते मागे घेता येणार नाही, अशा अर्थाचे मत दिले होते. अनुच्छेद ३७१ (फ) मुळे सिक्कीमचे जुने कायदे आणि जमिनीचे हक्क टिकले, विधानसभेत मठांतल्या भिक्षू-भिक्षुणींसाठी बौद्ध संघाची एक राखीव जागा आहे, हेही तो सांगतो. मात्र हा भाग फार घाईत, टॅक्सीत बसल्या बसल्या उरकला जातो. १९७९ साठी चौथे वळण हवे, असे मी त्याला लेखी कळवले आहे.

दोन तक्रारी नोंदवते. पहिली वाटाड्याची नाही. आमची मूळ सहल ठरवून देणाऱ्या एका प्रवासी कंपनीने ‘राजवाडा आतून दाखवू’ असे सांगितले होते. राजवाडा खासगी आहे आणि आवारातला त्सुक्लाखांग मठ ठरावीक सणांनाच सर्वांसाठी उघडतो. त्यामुळे असे आश्वासन देऊन कोणी जादा पैसे मागितले, तर देऊ नयेत. दुसरी तक्रार वाटाड्याने दिलेल्या सनावळीच्या कागदाबद्दल आहे. त्यात सार्वमताची आणि राज्यस्थापनेची तारीख एकाच ओळीत गुंतली आहे, आणि नवख्या वाचकाचा त्यात गोंधळ होईल.

शेवटचा थांबा गंगटोकच्या वर, लुक्श्यामा येथील राजघराण्याच्या दहनभूमीचा. पाल्देन थोंडुप नामग्याल २९ जानेवारी १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले आणि त्यांचे अंत्यसंस्कार इथे झाले. पांढरे छोर्तेन म्हणजे स्तूप, धुक्याने ओले झालेले प्रार्थनाध्वज आणि खालून येणारा गाड्यांचा आवाज. इथे वाटाड्या काही सांगत नाही, प्रश्न असतील तर उत्तरे देतो. मी त्याला विचारले की दिवसभरातल्या इतक्या पाकिटांत एकही पाकीट लेपचा माणसाचे का नव्हते. या भूमीचे सर्वांत जुने रहिवासी तेच, आणि राजा भुतिया, आंदोलन नेपाळी भाषकांचे, निर्णय दिल्लीचा, या सगळ्यात त्यांचा आवाज कुठेच ऐकू आला नाही. तो म्हणाला, ‘दिदी, माझी बायको झोंगूची, उत्तरेकडच्या लेपचा मुलखातली, लेपचा आहे. ते पाकीट मी दोन वर्षांपासून लिहितो आहे. दर वेळी तिला वाचून दाखवतो आणि दर वेळी ती म्हणते, हे माझ्या आजीने म्हटले नसते.’